दसरूच्या घरचा लमझना

दसरू सोयाम बोलायचा असा, की जणू एकेका शब्दामागं त्याचा एकेक बैल बाजारात जातो. पोंभुर्ण्यापासून आत, जंगलाला टेकून हिरडटोला नावाची चाळीस घरांची वस्ती आहे. तिच्यातलं शेवटचं घर त्याचं. धानाच्या चार बांध्या, बैलजोडी, उन्हाळ्यात मोहफुलं नि तेंदूपत्ता, घरात माय नीलाबाई. धाकटी बहीण दिव्यानी चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स होती, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. छत्तिशी आली तरी दसरूचं लग्न नव्हतं. लोकांनी पोरी दाखवल्या नाहीत असं नाही. दसरू जायचा, चहा प्यायचा, घरी येऊन बैलांना पाणी पाजायचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "पाहू." सात-आठ वर्षं तो नुसता पाहतच राहिला, तेव्हा लोकांनीच दाखवणं सोडलं.

आपल्याला काय पाहिजे हे त्याला विसाव्या वर्षीच समजलं होतं. पण जंगलात वाघ आहे हे माहीत असतं म्हणून माणूस रोज त्याचाच विचार करत बसत नाही. वाट वाकडी करतो नि आपल्या कामाला जातो. दसरूनं सोळा वर्षं तशीच वाट वाकडी केली होती.

मग गावात डोळे तपासायचं शिबिर आलं. बल्लारपुरात चष्म्याचं दुकान असलेला अश्वजित अलोणे पेटी घेऊन ग्रामपंचायतीच्या खोलीत बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचलेला, भांग पट्टी लावून पाडल्यासारखा, खिशात दोन रुमाल. एक चष्मा पुसायला, एक तोंड पुसायला. आणि तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. आलेल्या प्रत्येकाला 'जय भीम', पाठोपाठ 'सेवा जोहार', मग शेती, मग पोरंबाळं, मग डोळे. नीलाबाईला त्यानं भिंतीवरचं चित्र दाखवून विचारलं, ती गाय आहे की बैल. नीलाबाई म्हणाली, "दूध काढाले बसल्यावर समजन."

तो इतका हसला की त्याचाच चष्मा नाकावरून घसरला. दसरू मागं भिंतीला टेकून उभा होता. ते हसणं ऐकून तो रांगेत मागं जाऊन उभा राहिला, आपलेही डोळे दाखवायला. त्याला तर झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी दिसायचा.

महिन्याभरात नीलाबाईचा चष्मा मोडला. दसरू फटफटीवर बल्लारपूरला जाऊन दुरुस्त करून आला. पुढच्या महिन्यात पुन्हा मोडला. मग पुन्हा. म्हातारी म्हणे, मी त् तो डब्यातून काढलाच नाई. चौथ्या खेपेला अश्वजितनं दांडीकडं पाहिलं, दसरूकडं पाहिलं नि म्हणाला, "दसरूभाऊ, चष्मा पडला त् काच फुटते. हा इस्क्रू कोनी तरी नखानं काढला हाय."

"मीच काढला."

"काऊन?"

दसरूनं खिशातून इस्क्रू काढून काउंटरवर ठेवला. "इथं यायचं होतं."

 अश्वजितनं इस्क्रू बसवला, काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली. मग खाली पाहतच म्हणाला, "पुढच्या खेपेले इस्क्रू नोको काढू. असाच ये."

दोघांचं जुळण्यासारखं काही नव्हतं. अश्वजित पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मोठ्यानं वाचायचा, वर त्यावर भाषण द्यायचा. दसरू त्या वेळी बाहेर कोणता पक्षी ओरडला ते ऐकत असायचा. अश्वजितला बेडकाची भीती वाटायची. दसरूला दार लावून बसायची भीती वाटायची, म्हणून अश्वजितच्या बल्लारपूरच्या खोलीत तो पहिले काही महिने सारखा उठून खिडकी उघडायचा. दसरूच्या गालात चोवीस तास तंबाखू-सुपारीचा खर्रा. अश्वजितनं एकदा सरळ सांगितलं, खर्रा नि माझं तोंड दोन्ही मिळणार नाहीत, एक निवड. दसरूनं चार दिवस काढले, पाचव्या दिवशी खर्र्याची पन्नी चुलीत टाकली. खरं म्हणजे गावाला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. या मुलखात माणूस बायको सोडतो, खर्रा सोडत नाही.

अश्वजितकडं लपवाछपवी नव्हती. त्याचं सख्खं माणूस म्हणजे नागपूरची मोठी बहीण रंजीता. तिला त्यानं दहा वर्षांपूर्वीच सारं सांगून टाकलं होतं. ती महिनाभर बोलली नाही, मग फोन करून म्हणाली, ठीक आहे, पण जेवण वेळेवर करत जा. दसरूनं मात्र कोणालाच काही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, असं तो म्हणायचा.

अश्वजित शनिवारी दुपारी दुकान बंद करून हिरडटोल्याला यायला लागला. दिवस बुडाला की त्या सडकेनं कोणी फिरकत नाही, वाघ पाण्यावर येतो. तेव्हा मुक्काम भागच. वाघाचे दसरूवर एवढे उपकार. आणि रिकामं बसणं अश्वजितच्या रक्तात नव्हतं. धान रोवण्याच्या दिवसांत तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीतल्या चिखलात उतरला, एका बेडकापायी दोनदा बाहेर पळाला, तिसऱ्यांदा टिकला. त्याची वाकडी ओळ पाहून रोवणाऱ्या बायका विचारायच्या, भाऊ, ही चष्मा लावून लावली का काढून? पहिल्या वर्षी तो नुसता आडवा आला. दुसऱ्या वर्षी जरा कामाचा झाला. तिसऱ्या वर्षी खळ्यावर धान चुरताना बैल त्याच्या आवाजावर वळायला लागले. मधल्या वेळात ओट्यावर बसून गावातल्या म्हाताऱ्यांच्या चष्म्यांच्या दांड्या वाकवून कानाला नीट बसवून द्यायचा. त्याबदल्यात कोणी वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी आणून द्यायचं, कोणी चार अंडी.

आता, गाव काही आंधळं नव्हतं. गाव सारं पाहत होतं. पण माणूस पाहतो ते त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीतच बसवून पाहतो.

जुन्या काळी गोंडांत, लग्नाचा खर्च झेपत नसला की पोरगा मुलीच्या बापाच्या घरी जाऊन दोन-तीन वर्षं राबायचा. खाणंपिणं सासऱ्याकडं, मजुरी नाही. मुदत पुरी झाली की पोरगी द्यायची. अशा राबणाऱ्या पोराला लमझना म्हणत. आता कोणी लमझना ठेवत नाही, पण पन्नाशीच्या वरच्यांना तो रिवाज पाठ आहे. त्यांनी हिशेब लावला. परका गडी, बिनलग्नाचा. आठवड्याला येतो, फुकट राबतो, नीलाबाईच्या हातचं खातो. घरात लग्नाची बहीण. आणखी काय असणार? दिव्यानी तर घरी नसतेच, हेही कोणाला खटकलं नाही. लमझन्यानं मुदतीआधी पोरीशी बोलायचंच नसतं. उलट लोक कौतुक करायचे की पोरगा किती शिस्तीचा, ती सुट्टीवर आली की हा आपला दसरूसंगच शेतात.

अशी तीन वर्षं गेली आणि गावाला राग आला. अश्वजितचा नव्हे, दसरूचा.

धान घरात आलं, संक्रांत आठवड्यावर होती. लग्नं जुळवायचे दिवस. लालसूभाऊ काठी टेकत दसरूच्या आंगणात आले. गावात भांडण-तंटा झाला की शेवटचा शब्द लालसूभाऊंचा. नाकावर अश्वजितनंच बसवून दिलेला चष्मा. बसायला दिलेल्या खाटेवर ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "तीन वर्सं झाले, दसरू. लोकाचं पोरगं बैलावानी राबवून राह्यला. पोरगी देनं हाय का नाई?"

दसरूच्या हातातली वैरण तशीच राहिली. काय होतंय ते समजायलाच त्याला वेळ लागला. तोवर लालसूभाऊंनी सारं सांगून टाकलं. पोरगा आपल्यातला नाही, बौद्ध आहे, यावर बोलणं झालं होतं. दोघा-तिघांनी नाक मुरडलं. पण आपल्या चिखलात तीन वर्षं पाय बुडवले त्यानं, आता जात काढणं शोभत नाही. रविवारी बसायचं. एक तर लग्नाचा दिवस धरायचा. नाहीतर त्याच्या राबणुकीचं धान मोजून त्याला मोकळं करायचं. आणि मोकळा केलेला लमझना त्या आंगणात पुन्हा पाय ठेवत नाही, हा गावचा कायदा दसरूला माहीत होताच.

लालसूभाऊ गेले. दसरू बैलांपाशी उभा राहिला. त्याला हसूही आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: रविवारनंतर अश्वजित येणार नाही. आणि त्याच्या मागून दुसरी गोष्ट आली, जी आल्याची त्याला पुढं बरेच दिवस लाज वाटली. लग्न लावून टाकलं तर? अश्वजित घरचा जावई होईल. रोज येवो, कायमचा राहो, कोण विचारणार? दिव्यानी काय, चंद्रपूरलाच तर असते.

दुसऱ्या दिवशी तो हीच गोष्ट घेऊन बल्लारपूरला गेला. लमझन्याचं ऐकून अश्वजित पोट धरून हसला. तीन वर्षं आपण कोणाच्या तरी पोरीसाठी चिखल तुडवत होतो, हे त्याला फारच आवडलं. तेवढ्यात दसरू म्हणाला, "करून टाकू का?"

"काय?"

"लगन. तुझं नि दिव्यानीचं."

अश्वजितचं हसू थांबलं. त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. चष्म्याविना त्याचा चेहरा भलताच उघडा दिसायचा.

"रंजीताताईले सांगाले मी तीनदा नागपूरले जाऊन तसाच वापस आलो होतो," तो म्हणाला. "तरी सांगतलं. का, तर कोनत्या बी पोरीचा जलम मह्यापायी वाया जाऊ नये. आन तू तुह्याच बहिनीले मधात घालून राह्यला?" जरा थांबून पुढं म्हणाला, "मी येनं बंद करतो, दसरू. गावाले सांगजो, गेला. पोरीवर बोल नाई येनार, तुह्यावर बी नाई."

दसरू फटफटी काढून निघाला. परत येताना पोंभुर्ण्याच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला लावली नि बराच वेळ नुसता बसून राहिला.

त्या शनिवारी अश्वजित आला नाही. दिव्यानी सणाची सुट्टी घेऊन आली होती. नीलाबाईनं सवयीनं चार माणसांचा भात टाकला. दसरूनं चुलीपाशी बसून बहिणीला लालसूभाऊंचं बोलणं सांगितलं, आणि मग, खाली पाहत, आपल्या मनात काय आलं होतं तेही सांगितलं. दिव्यानी हसली नाही, रागावलीही नाही. दवाखान्यात वाईट बातमी सांगायची सवय झालेल्या बायका बोलतात, तशी बोलली.

"मले तुह्या जागी उभी करू नोको, दादा. तुही जागा तुलेच भरा लागन."

"तुले माहीत होतं?"

"मी नर्स हावो. आंधळी नाई."

नीलाबाई पाठमोरी होती. चुलीतली लाकडं सारत ती म्हणाली, "माह्या चष्म्याचा इस्क्रू कोन काढे, ते मले बिनचष्म्याच्या डोऱ्यानं बी दिसे." मग वळून तिनं दसरूपुढं ताट सरकवलं. "भात थंडा होऊन राह्यला. खा."

दसरू जेवला. चौथ्या माणसाचा भातही त्यानंच खाल्ला, म्हातारी वाढत गेली म्हणून.

रविवारी सकाळी लालसूभाऊंच्या घरापुढं चिंचेखाली माणसं बसली. थंडी होती, सारे उन्हाचा तुकडा धरून. बायका एका बाजूला, दिव्यानी नि नीलाबाई त्यांच्यात. लालसूभाऊंनी आधीचंच बोलणं पुन्हा केलं: तीन वर्षांची राबणूक, मुदत, पोरगी. पोरगा स्वतः आला नाही, म्हणजे रुसला असणार, नि त्याचं काय चुकलं, असंही दोघं-तिघं म्हणाले. मग सगळे दसरूकडं पाहायला लागले.

दसरू उभा राहिला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता, ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा थांबला.

"तो दिव्यानीसाठी नाई येत," तो म्हणाला. "माह्यासाठी येते."

  शेजारच्या जंगूनं इकडं तिकडं पाहिलं नि विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे तेच," दसरू म्हणाला. "लोक ज्याच्यासाठी बायको करतेत, त्याच्यासाठी. मले तो पाहिजे. त्याले मी. दुसरं कोनी नाई, पुढं बी होनार नाई. धान मोजून त्याले मोकळा करान त् मले बी करा."

त्याच्या उभ्या आयुष्यात तो गावापुढं एवढं बोलला नव्हता. खाली बसला तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. आता जे व्हायचं ते होवो, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं इतकं मोकळं होतं की पुढं काय म्हणतात हे क्षणभर त्यानं ऐकलंच नाही.

दोन घरची माणसं उठून गेली. एकजण जाता जाता थुंकला. बायकांत कुजबूज झाली, एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, मग या पोरीला कोण पाहून राह्यलं? दिव्यानी म्हणाली, मीच मले पाहून राह्यली, मावशी. त्यावर कोणीतरी फिसकन हसलं.

लालसूभाऊंनी नाकावरचा चष्मा काढून धोतराला पुसला. अशा गोष्टी त्यांनी सत्तर वर्षांत पाहिल्या नसतील असं नाही. पण आंगणात आणून मांडलेली ही पहिलीच. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"लमझना म्हंजे राबून घरात येनारा," ते म्हणाले. "कोनासाठी राबला, हे रिवाजात लिहून नाई. आपला रिवाज कुठी लिहिलाच नाई. पोरगा राबला हे साऱ्यानं पाह्यलं. घर काय म्हनते?"

घर म्हणजे नीलाबाई. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मी त्याले तीन वर्सं जेवू घालून राह्यली. फुकट घातलं का?"

लालसूभाऊंनी मान हलवली. मग जंगूकडं वळून त्यांनी विचारलं की तलावाच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं काम कधी धरलं आहे. येत्या रविवारी, जंगू म्हणाला. दर घरच्या कर्त्या गड्यांनी माती टाकायला जायचं, पाहुण्यानं नाही, हे तिथं ठरलेलं आहे.

"दसरू," लालसूभाऊ म्हणाले, "तुह्या घरून एक गडी धरू का दोन?"

दसरूला आधी समजलं नाही. समजलं तसा तो उठून उभा राहिला. म्हणाला, "दोन."

"दोन. त्याले टाइमवर यायले सांग. आन इस्त्रीच्या पँटीत नोको येऊ म्हन."

मोबाइलला रेंज यायला दसरूला टेकडीवर जावं लागलं. त्यानं जे झालं ते आपल्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे पाच-सहा शब्दांत. बाकीचं अश्वजितनं खोदून खोदून काढलं.  

"दिव्यानीची माफी मागतली?" अश्वजितनं विचारलं.

"मागतली."

"काय म्हने?"

"म्हने, माह्या लगनात दोघंबी राबजा."

अश्वजितनं नाक शिंकरलं. दोनपैकी कोणता रुमाल लागला कोण जाणे. मग म्हणाला, "पाळीच्या कामात बेडकं असतेत का?"

गावानं काही कोणाची आरती ओवाळली नाही. उठून गेलेल्या दोन घरांनी दसरूच्या घरचं पाणी पिणं सोडलं, त्यातल्या एकानं अजून धरलेलं नाही. पोंभुर्ण्याच्या बाजारात मागून कोणी काही बोललं तर दसरूला ऐकू येतं. त्याचे कान चांगले आहेत. पण पुढच्या रविवारी तलावावर चाळीस घरांतले पन्नासेक गडी होते आणि त्यांत अश्वजित होता. दसरूच्या जुन्या लुंगीत, डोक्याला टॉवेल, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. मातीचं घमेलं डोक्यावर घेताना त्याची मान लटपटायची, नि पाळीवर पोचेपर्यंत अर्धी माती खांद्यावर.

जंगूला राहवलं नाही. साऱ्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला, "वहिनी, जरा दमानं."

माणसं थांबली. दसरूनं फावडं खाली ठेवलं. अश्वजितनं घमेलं रिकामं केलं, तोंड पुसलं नि शांतपणे म्हणाला, "वहिनी म्हनतं त् आंधी पाया पड, जंगू. दीर होय ना तू?" आणि चिखलानं भरलेला पाय पुढं केला.

पहिले लालसूभाऊ हसले, काठीवर वाकून, खोकला लागेपर्यंत. मग सारेच. जंगूही हसला, जरा उशिरानं. वहिनी हा शब्द त्यानंतर कोणी काढला नाही. दुपारपर्यंत त्याला 'चष्मा' हे नाव पडलं नि तेच राहिलं.

दुपारी पाळीखाली सावलीत भाकऱ्या सुटल्या. अश्वजितनं दोन घास खाल्ले, पाळीला पाठ टेकली नि बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं, भांग पार विस्कटलेला. दसरू त्याच्या शेजारी बसला. त्याचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला, नाहीतर झोपेत वाकला असता. मग त्यानं मान वर करून चहूकडं पाहिलं, जुन्या सवयीनं. जंगू कांदा फोडत होता. लालसूभाऊंना मिरची लागली होती, ते पाणी मागत होते. पोरं तलावात दगड मारत होती. साऱ्या गावासमोर तो त्या माणसाशेजारी बसला होता, आणि कोणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. दसरूनं आपली भाकर घेतली नि सावकाश खायला लागला.